दुसरं नाव

लासुर्ण्याच्या कौसल्याबाईला ऊन सोसायचं, उपास सोसायचा, नवऱ्याचा आळससुद्धा सोसायचा. सोसायचा नाही तो फक्त दुसरा नंबर. लग्नघरात ओट्या भरायला लागल्या की तिची नजर ताटावर नसायची, भरणारीच्या हातावर असायची. हात पहिल्यांदा कुणाकडं वळतो? आपल्याकडं वळला तर बाई खुलायची, चार गाणी जास्त म्हणायची. दुसरीकडं वळला की संपलं. आमटीत मीठ जास्त, मांडवात धूर फार, नवरीचं नाक जरा बसकंच, हे सगळं तिला एकदम दिसायला लागायचं. एका बारशाला शेजारच्या साखरबाईची ओटी तिच्या आधी भरली गेली, तर पुढं वर्षभर दोघींतून विस्तव जात नव्हता.

आता उगाच कुणी असं होत नाही. तिचं माहेर डाळजचं, आणि बहिणींच्या घोळक्यात ही मधली. थोरलीला नवं परकर-पोलकं यायचं, धाकटीला कडेवर घेऊन मिरवायचे, आणि मधलीच्या वाट्याला थोरलीचं उतरलेलं पोलकं, तेही बाही उसवलेलं. पोरगी तेव्हापासून मनात धुमसत होती. दत्तोबाशी लग्न होऊन लासुर्ण्यात थोरली सून म्हणून आली, तेव्हा तिनं देवाला हात जोडले. सासऱ्याच्या तरुणपणी घरची मेंढरं होती, ती विकून त्यानं पाटाखालची जमीन घेतली आणि ऊस लावला. घर खाऊनपिऊन बरं होतं. सणाला पहिलं लुगडं थोरल्या सुनेचं, पाहुण्याच्या तोंडी पहिलं नाव थोरल्या सुनेचं. कौसल्याला आणखी काय पाहिजे होतं?

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि भामा घरात आली. जावा-जावांचा उभा दावा म्हणतात, पण भामाशी दावा मांडायचा कसा? ती आधीच मागं सरकलेली असायची. चहा गाळताना तळाचा गाळ तिच्या कपात, गाडीत मागची जागा तिची, आणि घरातल्या एकाही फोटोत तिचं तोंड पुरतं आलेलं नाही. बोलायची थोडं, हसायची फार, तेही तोंडाला पदर लावून. कौसल्याला ती जीव की प्राण होती. का नसावी? जिच्यापायी आपला जीव जळत नाही अशी बाई तिला साऱ्या पंचक्रोशीत एवढी एकच सापडली होती.

कौसल्या पक्षात गेली ती पाण्यापायी. वस्तीवरचा हातपंप नादुरुस्त होऊन पडला होता. गावात कुणी साहेब आल्याचं कळलं तशी हिनं बायका जमवल्या, रिकाम्या घागरी घेतल्या आणि साहेबाच्या जीपपुढं रस्ताभर मांडून ठेवल्या. म्हणाली, "आता ह्या भरून द्या, न्हायतर जीप घागरीवरनं न्या." आठवड्यात पंप सुरू झाला. पक्षाचे तालुक्याचे अध्यक्ष आबाजीराव तेव्हा पारावर बसून हे सगळं बघत होते. त्यांनी ओळखलं, ही बाई कामाची हाय.

तेव्हापासून सभा बारामतीला असो की इंदापूरला, बायका भरायच्या कौसल्यानं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सतरंजी टाकायची, भाकऱ्या बांधायच्या, घोषणा शिकवायच्या. कामाला वाघीण होती बाई, हे तिच्या वैऱ्यानंसुद्धा मान्य करावं. पण पुढारी आला की औक्षणापुरतं तिला पुढं बोलवायचे, आणि टिळा लावून झाला रे झाला की फोटोवाला हात हलवायचा, "ताई, जरा बाजूला." ताट घेऊन तिनं खाली उतरायचं. स्टेजवर पुढच्या रांगेत पुरुषमाणसं, मागच्या रांगेत त्यांचे मेहुणे. कौसल्या खाली मांडवात बसून त्या खुर्च्या बघायची आणि आतल्या आत जळायची. तिला वाटायचं, एकदा तरी खुर्चीवर आपण बसू, आणि 'जरा बाजूला' असं दुसऱ्या कुणाला तरी ऐकावं लागेल.

सत्त्याण्णव साली पंचायत समितीची निवडणूक आली. सोडतीच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि त्यांचा गण, म्हणजे आसपासच्या गावांचा मतदारसंघ, बायकांसाठी राखीव झाला. गावोगावच्या पुढाऱ्यांची तोंडं कडू कारलं खाल्ल्यागत झाली. वर्षभर खादीचे कपडे शिवून बसलेले गडी आता घरी जाऊन बायकोला विचारायला लागले, "तुला सही येती का गं?"

कौसल्याला सही येत होती, भाषण येत होतं, माणसं ओळखत होती. तिनं मनात ठरवूनच टाकलं, तिकीट माझं. आणि ते खरंच तिचं व्हायला हरकत नव्हती, दिपाली नसती तर.

दिपाली म्हणजे शेजारच्या गावच्या बाजीरावांची सून. बाजीराव ऊसतोडीचे मुकादम, पैशाअडक्यानं तालेवार. सून बारामतीच्या कॉलेजात शिकलेली, लुना चालवायची, आणि माईक हातात घेतला की "आदरणीय व्यासपीठ" असं म्हणायची की म्हातारे टोप्या सावरून बसायचे. खरी गंमत पुढंच आहे. भाषणाला उभं राहताना डोक्यावरचा पदर पडू नये म्हणून कुठं टाचणी लावायची, हे तिला शिकवलं होतं कौसल्यानं. स्वतःच्या हातानं टाचणी लावून दिली होती. आता ती टाचणी कौसल्याच्या काळजात रुतली होती. दिपालीची लुना रस्त्यानं फुरफुरत गेली की कौसल्या हातातलं काम टाकून म्हणायची, "चालली बघा झाशीची राणी. घोडं तेवढं दोन चाकाचं."

तिसरी इच्छुक साखरबाई. तिला मिळणार नाही हे तिलाही ठाऊक होतं, पण अर्ज केला नसता तर लोकांनी तिला इच्छुक म्हटलं नसतं.

पक्षाची रीत अशी, की इच्छुकांनी अर्ज द्यायचे, मग पुण्याहून निरीक्षक येणार, इंदापूरच्या विश्रामगृहात एकेकीला आत बोलावून मुलाखत घेणार, आणि एक, दोन, तीन असा क्रम लावून नावं वर पाठवणार. वरनं जे येईल ते तिकीट. आबाजीरावांच्या जीपचा ड्रायव्हर नागेश हा कौसल्याच्या माहेरच्या नात्यातला. त्यानं तिला आतली खबर दिली. "आक्का, पैलं नाव ज्येचं त्येचं आपलंच असतंय, त्येला कोन इचारत न्हाय. सायेब इचारतोय, तुमाला न्हाय दिलं तर मंग कुनाला द्यावं? त्या दुसऱ्या नावावरच सगळा ख्येळ हाय. आन् अर्ज केल्यालीचंच नाव घ्याचं, भायेरचं चालत न्हाय."

दुसरं नाव! म्हणजे आपल्या तोंडानं दिपालीचं नाव घ्यायचं? जीभ झडली तरी चालेल. मग साखरबाईचं? ती बारशाची ओटी अजून घशात अडकलेली होती. कौसल्या रात्रंदिवस त्याच विचारात. भाकरी तव्यावर करपायला लागल्या. आणि मग एका सकाळी गोठ्यात शेण भरणाऱ्या भामाकडं तिची नजर गेली आणि बाईला उपाय सापडला. भामाचा अर्ज भरायचा! नाव घरातलं, धोका शून्य. भामाला कोण तिकीट देणार?

"अगं, सोबतीला गं," तिनं भामाला समजावलं. "मी एकटी बाई तितं काय करू? तू बी अर्ज दे. नुसता नावाला."

"आक्का, मला काय इचारलं तर?"

"सांगायचं, मला काय ठावं न्हाय. खरंच सांगायचं हाय, त्येला काय लागतंय?"

भामा पदराआड हसली आणि सही करायला बसली. ती सहीसुद्धा कौसल्यानंच तिला एका पावसाळ्यात शिकवली होती.

एवढ्यावर थांबेल तर ती कौसल्या कसली? ती सरळ साखरबाईच्या ओसरीवर गेली. साखरबाई ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"साखरबाई, त्या दिपालीचं नाव घिऊ नगंस."

"घ्याला येडी हाय व्हय मी? कालची पोरगी ती."

"मंग माझं घे की."

साखरबाईनं सूप थांबवलं. "घेते की. तू माझं घेशील?"

अंगणातली कोंबडी तेवढी बोलत होती. शेवटी कौसल्या म्हणाली, "आमच्या भामीचा बी अर्ज हाय. तिचं घिऊ दोघी. कुनाचं जातंय काय?"

"भामीचं व्हय? घिऊ की, ग्वाड बाई हाय," साखरबाई म्हणाली आणि परत पाखडायला लागली. बऱ्याच दिवसांनी कौसल्या तिच्या घरचा चहा पिऊन आली.

मुलाखतीच्या दिवशी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात चौघी बाकावर बसल्या. दिपालीनं फिक्या रंगाची कडक इस्त्रीची साडी नेसली होती आणि मांडीवर एक फाईल होती. कौसल्या त्या फाईलकडं बघून मनात म्हणाली, फाईल निवडून येणार हाय का तू? तरी तिला तशी एक फाईल हवीशी वाटली. आत काही नसतं तरी चाललं असतं.

तिची पाळी आली. निरीक्षक चष्मेवाले, मऊ बोलणारे. पक्षात किती वर्षं, माणसं किती, काम काय केलं, सगळं विचारलं. हातपंपाची हकिगत ऐकून ते हसलेसुद्धा. कौसल्याला वाटलं, जिंकलं. मग त्यांनी तोच प्रश्न टाकला. "बाई, समजा पक्षानं तुम्हाला नाही दिलं, तर कुणाला द्यावं?"

"आमच्या भामाला."

"का बरं?"

आता या 'का'ची तयारी बाईनं केलेलीच नव्हती! पण गप्प बसावं तर साहेबाला संशय यायचा. म्हणून जे सुचलं ते बोलत सुटली. "तिचं कुनाशी वाकडं न्हाय बघा. कुठल्या बी वस्तीवर जावा, कुठल्या बी जातीच्या दारात जावा, भामा आली म्हनलं की पाट मांडत्यात. बाळातीण असू द्या, मयत असू द्या, ही आधी जाती. कुनाचं वंगाळ तिच्या तोंडातनं मी आजवर ऐकलं न्हाय. हिला नको म्हननारं मानूस आमच्या गणात तरी मला ठावं न्हाय." निरीक्षक लिहून घेत होते. कौसल्या बाहेर आली ती आपल्याच हुशारीवर खूश होऊन. भामा सगळ्यात शेवटी आत गेली आणि लगेच बाहेर आली. "काय इचारलं गं?" म्हटल्यावर नुसती हसली. कौसल्यानं पुन्हा विचारलं नाही. भामाला काय विचारणार कुणी?

पुढचे दिवस कौसल्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. इरकलीला इस्त्री करून ठेवली होती. गळीत हंगाम ऐन भरात होता, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रीघ, आणि कुठलंही इंजिन वाजलं की बाई दारात. आणि एका दुपारी आबाजीरावांची जीप आलीच. आबाजीराव हातात झेंडूचा हार घेऊन उतरले.

"अभिनंदन, कौसल्याबाई!"

कौसल्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान वाकवली. किती वर्षांनी वाकवली होती ती मान! वाकवून उभी राहिली, पण गळ्यात काही पडलं नाही.

"भामाबाई कुठायत?" आबाजीरावांनी विचारलं.

भामा गोठ्यातून आली, हात शेणानं भरलेले. आबाजीरावांनी हार तिच्या गळ्यात घातला. कौसल्याची मान वर आली तेव्हा तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. भामाच्या हातातलं शेण खाली गळत होतं आणि तिला काही कळत नव्हतं.

"तिघींनी बी दुसरं नाव ह्यांचंच घेतलं!" आबाजीराव ओसरीवर बसत म्हणाले. "निरीक्षक म्हनले, आबाजीराव, कौसल्याबाईला द्यावं तर बाजीराव रुसनार. दिपालीला द्यावं तर कौसल्याबाई आग लावनार. भामाबाईला दिलं तर रुसायचं कुनी? ज्येनं त्येनं आपल्या तोंडानं सांगितलंय. आन् बाई, तुमी तर लई बोललासा म्हनं. त्यांनी वाचून दाखवलं आमाला. थोरल्या जावंनं धाकटीसाठी असं बोलावं! असं मन पायजे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कौसल्याला वाटलं, ओसरीच्या खांबावर डोकं आपटावं. आबाजीरावांसमोर मात्र ती हसली. ते हसू तिला सगळ्यात महाग पडलं, कारण संध्याकाळपर्यंत गावभर झालं, कौसल्याबाईनं जावंसाठी तिकीट सोडलं. देवळात बायका तिच्या पाया पडायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "बाई, तुझ्यासारखी जाऊ सात जल्मी मिळू दे." कौसल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं. तोंड उघडून उलट बोलता तरी आलं असतं.

घरी दत्तोबा म्हणाला, "घरातच आलं की तिकीट. तुझं काय आन् तिचं काय?"

"व्हय का? मंग उद्यापासनं तुमी बी जेवू नगा. तुमचा भाऊ जेवला म्हंजी झालं."

भामा रडून रडून सुजली होती. "आक्का, मला न्हाय जमायचं. तुमीच ऱ्हावा हुब्या." कौसल्यानं लगोलग आबाजीरावांना विचारून बघितलं. खोटं कशाला बोला, विचारलंच तिनं. आबाजीराव म्हणाले, "पक्षाचं चिन्ह हाय त्ये, भाकरी न्हवं अर्धी मोडून द्याला. ह्यांनी सोडलं तर बाजीराव उद्याच पुन्यात जाऊन बसंल."

मग कौसल्याच्या डोक्यात भूत शिरलं. पक्षाचं चिन्ह नाही तर नाही. अपक्ष! आपलीच माणसं, आपल्याच घागरी. ऐनवेळी अर्ज टाकायचा, मग बघू भामीला किती जण पाट मांडतात ते. सूचक म्हणून सही द्यायला साखरबाई एका पायावर तयार झाली. जावा जावा समोरासमोर, एवढा तमाशा गावात फुकट कधी बघायला मिळायचा? कौसल्यानं अर्ज भरला, घडी घातली आणि कापडी पिशवीत तळाला ठेवला, वर विड्याची पानं.

अर्ज भरायच्या दिवशी नागेश जीप घेऊन आला, मागं पक्षाचे गडी. कौसल्या सवयीनं पुढच्या सीटवर जाऊन बसली. नागेशनं एकदा भामाकडं बघितलं, एकदा कौसल्याकडं बघितलं आणि गप्प गाडी चालू केली. भामा मागं बाकड्यावर, पुरुषांच्या गुडघ्यांमध्ये. अख्ख्या रस्त्यात कौसल्यानं पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

इंदापूरच्या कचेरीच्या आवारात जत्रा भरली होती. लिंबाखाली दिपाली उभी. ती आज अर्ज भरायला नव्हे, सासऱ्यांसोबत दिसायला आली होती. कौसल्याला बघून जवळ आली.

"काकू, तुम्ही पण भामाकाकूंचंच नाव घेतलंत ना?"

"तू बी?"

"हो. मामंजी म्हणाले, कौसल्याबाईचं चुकूनसुद्धा घेऊ नकोस, ती खरंच निवडून येईल. त्या भामीचं घे, तिला कोण देतंय?" दिपाली हसायला गेली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी बक्षिसं मिळवलीत काकू, भाषणाची. आणि हरले कुणाकडून?"

कौसल्याला त्या पोरीचं दुःख बघून क्षणभर बरं वाटलं. वाटलं ते वाटलं. मग तिच्या डोक्यात दुसरंच काही शिरलं. दिपालीनं भामाचं नाव घेतलं, साखरबाईनं भामाचं. "म्हंजी माझं नाव कुनीच घेतलं न्हाय?"

"एकीनं घेतलं म्हणे. आबाजीराव सांगत होते. मी नाही बाई."

चौघींत मग उरलं कोण? कौसल्या गर्दीतून वाट काढत गेली. भामा भिंतीला टेकून उभी होती, कागद छातीशी धरून, मांडवात हरवलेल्या पोरासारखी.

"भामे, त्या सायबानं तुला इचारलं तवा तू काय सांगितलंस?"

भामा घाबरली. "चुकलं का आक्का?"

"आधी सांग काय बोललीस!"

"त्ये म्हनले, तुमाला न्हाय दिलं तर दुसरं नाव सांगा. मी म्हनलं, दुसरं न्हाय सांगत, पैलंच सांगते. आमच्या आक्काला द्या. त्ये म्हनले, मंग तुमचं काय? म्हनलं, मी ऱ्हाते की दुसरी. मला सवय हाय."

ज्या गणासाठी घागरी मांडल्या, ट्रॉल्या भरल्या, घसा कोरडा केला, त्या साऱ्या गणात तिचं नाव घेणारं तोंड निघालं एकच. आणि त्याच तोंडाला पानं पुसायला ती पिशवीत कागद घालून आली होती.

आतून पुकारा झाला. आबाजीराव धावत आले, "सूचक कोन? सूचकाची सही ऱ्हायली की!"

भामानं कौसल्याचा हात धरला. "आक्का करतील," ती म्हणाली.

कौसल्यानं सही केली. पेन कागदातून आरपार जातं की काय एवढ्या जोरानं केली. तिला एकदम उपरती झाली, मन गंगेसारखं निर्मळ झालं, असं काही समजू नका. सही करताना ती जळतच होती. पण पिशवीतला कागद पिशवीतच राहिला, पानांखाली.

परत निघताना भामा सवयीनं मागं चढायला लागली. या वेळी नागेशला राहवलं नाही. "वैनी, उमेदवार फुडं बसतोय."

भामानं कौसल्याकडं बघितलं. कौसल्यानं ओठ आवळले. "बस. बस की! पन अंथुर्न्यापातुर. तितनं फुडं मी."

असा करार झाला. अंथुर्णं म्हणजे लासुर्ण्याच्या अलीकडचं गाव. शेळगाव गेलं. भामा पुढं अंग चोरून बसली होती, जणू सीट उसनी आणलीय. आणि कौसल्या मागून तिच्या डोक्यावरच्या पदराकडं बघत होती आणि तिला दर खड्ड्याला वाटत होतं, अंथुर्णं कुठं गेलं? अंथुर्णं आलं. भामा न सांगता उतरली. "आक्का, या." लासुर्ण्यात शिरताना पुढं कोण बसतं हे सारं गाव बघणार होतं, आणि कौसल्याला ते सोडवेना. ती पुढं जाऊन बसली.

वेशीत हलगी लागली होती. वस्तीवरची माणसं, बायका, सगळा गोंधळ. गावातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या तात्यांच्या हातात हार होता. तात्यांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं, की मान पुढच्या सीटचा. त्यांनी हात लांबवले आणि हार सरळ कौसल्याच्या गळ्यात घातला. लोक एकदम गप्प झाले. तात्यांना दिसत नव्हतं, आणि बाकीच्यांना दिसत होतं तरी कौसल्याला सांगायची छाती कुणाची?

झेंडूचा तो ओला, गार हार तिच्या छातीवर पडला. एवढी वर्षं हेच पाहिजे होतं. पहिल्या सीटवर बसायचं, गळ्यात हार, समोर गाव. तिनं हात हाराला लावला, काढायला की कुरवाळायला हे तिचं तिलाच कळलं नाही. इतक्यात त्या शांततेत मागून टाळ्या ऐकू आल्या. एकट्या माणसाच्या टाळ्या. कौसल्यानं वळून बघितलं.

मागच्या बाकड्यावर, पुरुषांच्या गुडघ्यांमध्ये अवघडून बसलेली भामा दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती. तोंडावर पदर नव्हता. एवढं उघडं, तोंडभर हसताना कौसल्यानं तिला कधी बघितलं नव्हतं. लबाडी नाही, टोमणा नाही, मनात तीळमात्र खोट नाही. आपला हार दुसरीच्या गळ्यात बघून बाई खूश झाली होती, आणि तिच्या मागून मग सारं गाव टाळ्या वाजवायला लागलं.

पुढं भामा निवडून आली, आणि तिला निवडून आणायला कौसल्या उन्हातान्हात दारोदार हिंडली, हे गावाला ठाऊक आहे. पण त्या दिवशी वेशीपासून देवळापर्यंत तिनं गळ्यातला हार काढला नाही. खुर्ची बळकावता आली असती, हार तर आलाच होता. भामासारखं टाळ्या वाजवणं तेवढं तिला ह्या जन्मात जमणार नव्हतं. तिकीट गेलं त्या दुपारीही जळली नव्हती एवढी कौसल्या त्या टाळ्यांवर जळली.